जे मला चिकटलं नाही

मित्रांनो, बांगडीएवढा गोल, काळा, मधोमध भोक आणि कडेचा एक टवका उडालेला, असा मी एक जुना लोहचुंबक आहे. मंडपवाल्याच्या फुटक्या स्पीकरमध्ये माझा जन्म वाया जात होता. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या जेम्सने मला त्यातून सोडवलं आणि घरी रेबेकाला, म्हणजे आपल्या बायकोला, आणून दिलं. रेबेका ब्लाउज शिवते. फरशीवर सांडलेल्या टाचण्या मी टिपायच्या, म्हणजे रांगणाऱ्या नोहाला त्या टोचणार नाहीत, एवढंच माझं काम होतं. ते मी मन लावून केलं.

आमची गल्ली नगरच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. भिंतीपलीकडे लोखंड वितळवणारा ओतकामाचा कारखाना. त्याच्या मागे पत्र्याची एक शेड, जिच्यावर पाटी नाही. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून भट्टीत टाकतात. पहाटे तिकडून गोडसर, घसा खवखवणारा धूर येतो. रेबेका कपडे वाळत घालण्याआधी दोरी पुसते, तर फडकं काळं होतं.

चैत्रात सगळ्या गच्च्यांवर वाळवण पडतं. त्या वर्षी रेबेकाने जुन्या साडीवर कुरडया घातल्या होत्या. तिथे सुई पडली म्हणून तिने मला साडीवरून फिरवलं. सुई सापडली. पण माझ्या अंगभर बारीक काळे केस उभे राहिले होते.

"अहो, इकडे या! हे बघा काय!" ती ओरडली.

जेम्सने बोटाने चोळून पाहिलं. "लोखंड आहे. ओतकामाचं. रेबेका, हे आपण खातोय."

दुसऱ्या दिवसापासून रेबेका मला पातळ कापडाच्या पिशवीत घालून एकेका कुरडईवरून फिरवू लागली. पिशवी उलटी केली की काळी पूड खाली पडे. बातमी गल्लीभर झाली. शेजारच्या गच्चीवरून साळूबाईंची हाक यायची.

"रेबेका, तुजं चुंबक दे गं."

"मावशी, कालच नेलं होतं की!"

"काल साबुदान्याचे पापड हुते, आज ज्वारीचे हाईत. अन् जेम्सला म्हनाव, ह्या चुंबकाचंबी लगीन लावून दे. एकटंच लई राबतंय बिचारं."

मी या घरातून त्या घरात जाऊ लागलो. पाहुण्यांना सांगितलं जाई, "चुंबक फिरवलंय, खा बिनधास्त." मित्रांनो, कौतुक कोणाला नको असतं? पण माझ्या भरवशावर गल्लीने एक चूक केली. आधी बायका वाळवणावर धुतलेलं धोतर झाकायच्या, गच्ची ओल्या फडक्याने पुसायच्या. आता ते कोण करतं? झाडू मारला, चुंबक फिरवलं, झालं.

नोहा तीन वर्षांचा झाला. आईमागे गच्चीवर जायचा आणि अर्धवट वाळलेल्या कुरडया उचलून तोंडात टाकायचा. ओल्या बोटांनी फरशीवर रेघोट्या काढायचा आणि तीच बोटं चोखायचा. मग त्याचं पोट दुखू लागलं. रेबेकाने ओव्याचं पाणी दिलं, उशाशी बसून प्रार्थना केली. तो पांढरा पडत चालला. रस्त्यावरच्या गाड्यांना "टक, टक" म्हणून हाका मारणारा नोहा हळूहळू बोलेनासाच झाला. मी शिलाई मशीनच्या पायाशी पडून त्याचा आवाज यायची वाट पाहायचो. तो येत नसे. तेव्हापासून मला भीती वाटू लागली.

डॉक्टर धनश्री यांनी रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. अहवाल आला त्या दिवशी जेम्सने मला खिशात घालून दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "रक्तात शिसं आहे. खूप आहे."

जेम्सने मला टेबलावर ठेवलं. "मॅडम, आम्ही काळजी घेतो. प्रत्येक घास चुंबकाखालून जातो आमच्या घरात."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हे लोखंड ओढतं. बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्टीच्या धुरातून शिसं येतं, ते हे ओढत नाही. तुमच्या गॅरेजमध्ये जुनी बॅटरी असेल, तिच्या टोकाचं शिसं लावून बघा. आणि घरी जाताना कामाचे कपडे तिथेच बदला, हातपाय धुवा."

जेम्स तडक गॅरेजमध्ये गेला. मालक हनुमंत हसला. "काय जेम्सभाऊ, सुट्टीच्या दिवशी चुंबक घेऊन फिरतोस? देव्हाऱ्यात ठेव की."

जेम्सने कोपऱ्यातली जुनी बॅटरी ओढून तिचं टोक तोडलं. त्याने शिशाचा करडा तुकडा बाकावर ठेवला आणि मला त्यावर टेकवलं. उचललं. तुकडा जागीच राहिला. त्याने पुन्हा टेकवलं, दाबून धरलं, पुन्हा उचललं.

मित्रांनो, मला काहीच जाणवलं नाही. नेमक्या त्याच गोष्टीने मी हादरलो. माझ्या खाली शिसं होतं आणि माझ्या लेखी तिथे काहीच नव्हतं. किती गच्च्यांवर, किती ताटांवर मला असं काहीच जाणवलं नसेल?

घरी आल्यावर रेबेकाने कुरडयांचा डबा कचऱ्यात रिकामा केला. नोहा डब्याकडे हात करून रडत होता, तिने त्याला कडेवर घट्ट धरलं. तेवढ्यात साळूबाई दारात आल्या.

"चुंबक दे गं, सांडगे घातलेत."

"नाही देणार, मावशी."

"का गं? रुसलीस व्हय?"

रेबेकाने सगळं सांगितलं. साळूबाईंचा चेहरा उतरला. त्यांची नात राजनंदिनी पायरीवर बसून पापड खात होती. त्यांनी तिच्या हातातला पापड काढून घेतला, पदराने तिचं तोंड पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.

"आमच्या पोरीचंबी रगत तपासायचं? कुठं नेऊ सांग. आत्ताच चल."

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या आया पोरं काखोटीला मारून दवाखान्यात गेल्या. शेडबद्दल तक्रारही गेली आहे. अधिकारी येऊन पाहून गेले. भट्टी अजून पेटते. नोहाचं औषध चालू आहे. त्याचे शब्द परत येतील का, हे डॉक्टर सांगत नाहीत.

म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवतो, मित्रांनो. धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. अन्न झाकून ठेवा. जेवणाआधी लहानांचे हात धुवा. भट्टीजवळ राहत असाल तर त्यांचं रक्त तपासून घ्या, आणि भट्टी बंद होईपर्यंत गप्प बसू नका, गल्लीतल्या मोठ्यांनाही गप्प बसू देऊ नका. आणि कोणी माझ्यासारखा चुंबक फिरवून म्हणालं, "बघ, काही नाही," तर त्यावर विश्वास ठेवू नका. मला दिसत नाही, ते तुमच्या ताटात असू शकतं.