वेधशाळेच्या फाटकावरचा दिवा

मी वेधशाळेच्या फाटकावरचा दिवा बोलतोय. दिवा कसला, नावालाच दिवा! बसवला त्या दिवशी मिनिटभर लावून पाहिला आणि बटणावर चिकटपट्टी मारून टाकली. बाहेर उजेड असला की दुर्बिणीला तारे फिके दिसतात ना. पाहुणे म्हणायचे, "अंधारावर पहारा द्यायला ठेवलाय वाटतं याला!" मलाही हसू यायचं.

डोंगरावर तिघंच राहायची. प्रमुख म्हणजे सर, पंपवाला, आणि स्वयंपाक करणारी त्याची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत. बाहेर दिवा दिसला की विचार न करता विझवायचा, ही सरांच्या हाताची तीस वर्षांची सवय.

त्या उन्हाळ्यात खालचं जंगल पेटलं. आगीनं रस्ता अडवला. भर दुपारी धुरानं असा काळोख केला की समोरचं माणूस दिसेना. टाकी कोरडी होती. खालच्या झऱ्यावर जाऊन डिझेलचा पंप सुरू करणं भाग होतं.

"सर, परत येताना फाटक सापडायचं नाही. तेवढा दिवा राहू द्या," पंपवाला म्हणाला आणि उतरला. वहिनीनं नखानं चिकटपट्टी खरवडून मला लावलं. काय सांगू, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता!

पाणी आलं. वहिनी मागच्या भिंती भिजवू लागली. दुर्बिणीच्या आरशावर राख पडू नये म्हणून सरांनी घुमटाची झडप बंद केली आणि आग कुठवर आलीय ते पाहायला ते धावत फाटकाशी आले. त्यांचा हात आपोआप बटणावर गेला. टक्. ते तसेच पुढे निघून गेले.

मी ओरडणार तरी कसा?

बऱ्याच वेळानं त्यांना आठवलं. त्यांनी धावत येऊन मला पुन्हा लावलं. पुढे वारा फिरला, आग पलीकडच्या उतारावर गेली. पंपवाला मात्र फाटक चुकून पन्नास पावलं पुढे गेला होता. त्याचं प्रेत दरीत सापडलं.

"दिवा आपोआप विझला हो, वहिनी. जुना झालाय," सर म्हणाले.

आता वहिनी मला रोज संध्याकाळी लावते. सर नको म्हणत नाहीत. थोड्या वेळानं राखेवर पावलं वाजतात, दिसत मात्र कुणीच नाही. माझ्यासमोरून जातात, थांबत नाहीत. मी जीव तोडून जळत राहतो. मला फार भीती वाटते.

काल माझी काच पुसताना वहिनी म्हणाली, "तेव्हाच का रे विझलास मेल्या?" सर मागेच उभे होते. ते घुमटाकडे निघून गेले.

तुमच्यापैकी कुणी वर आलंच, तर तिला एवढंच सांगा. मी विझलो नव्हतो.