जागं करू नका

“तुम्हीच फोन करता, तुम्हीच जाता. टाळी एका हाताने वाजते का?” बायको म्हणाली. चपला घालताना वेल्डरने ठरवलं होतं, आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा.

बगळा त्याचा लंगोटीयार. लांब मानेमुळे शाळेत पडलेलं नाव पन्नाशीतही चिकटून होतं. औषधांच्या दुकानात कामाला होता. पण गेलं वर्षभर त्याचं एकच पालुपद, “भेटू रे, जरा निवांत भेटू.” वेल्डरच्या मुलीच्या लग्नातही नुसतं तोंड दाखवून पळाला. ते वेल्डरच्या मनात सलत होतं.

दार वहिनींनी उघडलं, तेही आवाज न करता. आत खाटेवर बगळ्याचे वडील पडून होते. लकव्याने अर्धं अंग गेलेलं. शेजारच्या खुर्चीत बगळा बसल्या बसल्या झोपला होता. एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा. वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, की मामंजींना रात्रभर कूस बदलून द्यावी लागते, आणि हे दिवसभर दुकानात उभे. कुणाला सांगतही नाहीत. त्या त्याला उठवायला निघाल्या.

“नका वहिनी. झोपू द्या त्याला.”

भांडायला आलेल्या माणसाने बाह्या सरसावल्या. वाटी-चमचा अलगद काढून घेतला, म्हाताऱ्याला घास घास भरवलं, तोंड पुसलं, वहिनींच्या मदतीने कुशीवर वळवलं. ओळख पटली तसा म्हातारा अर्ध्या ओठांनी हसला. बगळ्याला कशाचाच पत्ता नव्हता. वेल्डर त्याच्याशी एक शब्दही न बोलता घरी परतला.

संध्याकाळी बगळ्याचाच फोन आला.

“उठवलं का नाहीस? मला वाटलेलं, तू आता यायचं सोडलंस.”

“सोडणारच होतो,” वेल्डर म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. “आता रविवारी येतो. निवांतपणाची वाट बघू नकोस, तो काय आपल्याला मिळायचा नाही.”

रविवारी तो गेला. दोघांनी मिळून म्हाताऱ्याला आंघोळ घातली, चादर बदलली. मग गॅलरीतल्या बाकावर टेकले. बगळा दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गंमत सांगू लागला, आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच त्याची मान वेल्डरच्या खांद्यावर कलंडली.

ऊन पायांवर आलं. खांद्याला मुंग्या आल्या. वेल्डर हलला नाही.