बू कासियम वेळेवर येऊ लागल्या

आमच्या शाळेत अंगठ्याचं यंत्र बसलं आणि शिस्त आली, हे मान्य करायलाच हवं. आमच्यातले दरमान सर, आमच्या बोलीत पाक दरमान, पूर्वी कॉफीचा दुसरा पेला रिचवल्याशिवाय घर सोडत नसत. आता ते सगळ्यांच्या आधी येतात आणि शाळेत डुलक्या काढतात. जमेच्या बाजूला एवढं धरतो.

नवे मुख्याध्यापक पाक सिहोतांग सुमात्राचे, बाटाक जमातीचे. माणूस सरळ, आवाज मोठा. पहिल्याच बैठकीत ते आमच्या कासियम बाईंना म्हणाले, "बू कासियम, तुम्ही रोज उशिरा. उद्यापासून सातला अंगठा. जमेल ना?"

"इंगिह, पाक."

आम्हा जावाच्या लोकांत इंगिह म्हणजे हो. पण साहेबासमोर त्याचा अर्थ 'तुमचं बोलणं कानावर आलं', एवढाच. पाक सिहोतांगना वाटलं, बाई राजी आहेत.

बाई वरच्या वाडीत राहायच्या. तंबाखूच्या दिवसांत तिथली पोरं ऊन आल्यावर चिरलेली पानं तट्ट्यांवर पसरतात. ते उरकलं की बाई दारोदार फिरून त्यांना गोळा करत आणि खाली आणत. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण साहेबाचं बोलणं खोडायचं नाही, ही आमची सभ्यता. आम्ही सगळेच सभ्य निघालो.

बू कासियम सातला येऊ लागल्या. एकट्या. त्यांच्या सहावीच्या वर्गात मागचे बाक रिकामे पडले. साहेबांनी त्यांना शिस्तीचं मानपत्र दिलं. बाईंनी मान लववून ते घेतलं.

तंबाखूचे दिवस संपले तरी पोरं परतली नाहीत, तेव्हा साहेबांनी चौकशी केली. पाक दरमान यांनी अखेर खरं कारण सांगितलं. साहेब तडक शिक्षकांच्या खोलीत बाईंसमोर येऊन उभे राहिले.

"बू, त्याच दिवशी का सांगितलं नाहीत? मी काय वाघ आहे?"

"तुम्ही 'जमेल ना' म्हणालात, पाक. 'ना' लावल्यावर आम्ही काय बोलणार?"

"चुकलं माझं. उद्यापासून हव्या तेव्हा या, यंत्राचं मी बघतो. पण पोरांना घेऊन या. आणाल ना?"

"नाही, पाक."

इतक्या वर्षांत बाईंच्या तोंडून हा शब्द आम्ही ऐकला नव्हता.

"मोठ्या पोरी शहरात घरकामाला लागल्या," त्या हळू म्हणाल्या. "बाकीची मला बघून घरात शिरतात. बाईंनीच आपल्याला टाकलं, असं वाटतं त्यांना."

एवढं बोलून त्या वर्गावर गेल्या. साहेबांनी त्यांना थांबवलं नाही.