तळ्याचा वैरी

कंपनीनं केवळराम मारबतेवर सूड उगवला नाही, हे आधीच सांगून टाकतो. अर्धी गोष्ट ऐकून लोक कंपनीला शिव्या घालायला लागतात, मग कंपनी कागद काढून दाखवते आणि कागदापुढे आपली बोलती बंद. तर त्याचा पगार कापला नाही, बदली केली नाही, त्याला कुणी 'अरे' म्हटलं नाही. उलट भर मांडवात शाल-श्रीफळ दिलं.

वडशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा लोखंडाचा कारखाना आला, तेव्हा गेटवर पहिला लागला तो फळा. 'आमची नीतिसंहिता.' चूक दिसली तर बोला, तुमचं नाव गुप्त राहील, बोलणाऱ्यावर सूड उगवला जाणार नाही. खाली फोन नंबर. त्या गेटातून रोज कितीतरी माणसं आत जात आणि फळ्याला पाठ टेकून तंबाखूचा खर्रा घोटत उभी राहत. तो फळा वाचून खरा मानणारा बहुधा एकटा केवळरामच असावा. तो पंपावर कामाला होता.

खरं मानायची खोड त्याला गावानंच लावली होती. गाव धिवरांचं, म्हणजे मासेमारांचं. वैशाखात तलावाचं पाणी उतरलं की सगळे मिळून जाळी टाकतात आणि निघालेल्या माशांचे पळसाच्या पानांवर वाटे लावतात. मग एक माणूस वाट्यांकडे पाठ करून, तोंड बांधाकडे करून बसतो. दुसरा एकेका वाट्यावर काठी ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस न पाहता एक नाव घेतो, आणि ज्याचं नाव त्याचा वाटा. मग त्यात मोठा रोहू येवो की बारक्या चिंगळ्या, कुणी चकार शब्द काढत नाही. पाठमोऱ्या माणसानं शेवटच्या वाट्यापर्यंत मागं वळायचं नाही, एवढाच नियम. ही जागा आधी केवळरामच्या बापाची होती, मग केवळरामची. गावानं सरपंच बदलले, पार्ट्या बदलल्या, एकमेकांची डोकी फोडली, पण त्या जागेवर दुसरं कुणी बसलं नाही. केवळरामची सगळी इस्टेट म्हणजे ती जागा.

पावसाळा सरता सरता तलावात मासे मरून वर आले. केवळरामला कारण ठाऊक होतं. कारखान्याचं घाण पाणी शुद्ध करायला खर्च येतो, म्हणून तलावाच्या नाल्याकडचा वॉल्व कुणीतरी उघडून ठेवत होतं. केवळराम पाळीवर आला की बंद करी, दुसऱ्या दिवशी परत उघडा. फोरमनला विचारलं तर तो म्हणाला, "वरून सांगितलं आहे. तू काऊन डोकं लावून राह्यला?" वरून म्हणजे गुणवंतराव, कारखान्याचे मुख्य साहेब.

केवळरामनं फळ्यावरचा नंबर लावला.

आणि खरंच माणसं आली हो! नागपूरहून स्वाती मॅडम आल्या. नीतिसंहिता सांभाळणं हेच त्यांचं काम. गोड बोलल्या, चहा पाजला, वॉल्वला कुलूप लावून घेतलं. मग एक कागद पुढं केला. चौकशी पूर्ण होईपर्यंत तक्रार कुणी केली हे कुणालाही सांगायचं नाही. कंपनी सांगणार नाही आणि तक्रारदारानंही सांगायचं नाही. सांगितलं तर तो संहितेचा भंग, नोकरी जाऊ शकते.

"घरी बायकोले?"

"कुणालाच नाही, केवळरामजी. हे तुमच्याच संरक्षणासाठी आहे."

त्यानं सही केली. नाव शेवटपर्यंत कुणी फोडलं नाही, आणि फोडायची गरजही नव्हती. उघडा वॉल्व बंद करणारा अख्ख्या कारखान्यात एकच माणूस होता, आणि ते गुणवंतरावांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त गावाला. मासे मेले, पुढच्या हंगामाचं बीज गेलं, आणि हे कुणी केलं असं गाव एकमेकांना विचारत बसलं होतं.

हिवाळ्यात कंपनीचा नीती-सप्ताह आला. भाषणं कोण ऐकतं? गुणवंतराव माणसं ओळखणारे. ते म्हणाले, झाडीपट्टीत आहोत, इथं लोक नाटकावर जीव टाकतात, नाटक करू. वडशाच्या नाटककार लोकेशकडून नाटक लिहून घेतलं, 'तळ्याचा वैरी'. हिरोईन डिंपल, जिच्या नावावर तिकिटं खपतात. आणि वैऱ्याचं काम केवळरामला.

आता इथं केवळरामचाही मला राग येतो. गावच्या मंडळात त्यानं जन्मभर राजे आणि साधू केले होते. वडशाच्या नाटक मंडळीचा रंगमंच, खरी लायटिंग, समोर डिंपल, हे त्याचं म्हातारपणाकडे झुकलेलं स्वप्न होतं. साहेबांनी स्वतः बोलावून विचारलं म्हटल्यावर त्याला वाटलं, साहेबांच्या मनात काही नाही. माणूस मोठ्या मनाचा आहे. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी.

तालमीला कथा कळली. एक पंप चालवणारा दारूच्या पैशासाठी घाण पाणी तलावात सोडतो. मासे मरतात. पकडले जाऊ या भीतीनं तो स्वतःच कंपनीला फोन करतो. प्रामाणिक कंपनी त्याला शोधून काढते. शेवटच्या अंकात तो गावासमोर ओरडतो, "तक्रार मीच केली! तलाव मीच वाचवला!" आणि डिंपल, म्हणजे त्याची बायको, त्याच्या तोंडावर थुंकून म्हणते, "चोराच्या उलट्या बोंबा!"

केवळरामनं खोलीभर नजर फिरवली. खोलीत लोकेश होता, नटमंडळी होती, गुणवंतराव होते, कोपऱ्यात स्वाती मॅडम होत्या.

"साहेब, हा पंपवाला काऊन? ड्रायव्हर करा ना त्याले."

"का हो?" गुणवंतराव अगदी प्रेमानं म्हणाले. "पंपवाल्यात काही खटकतं का तुम्हाला? इथं सगळे आपलेच आहेत. सांगा ना, काय खटकतं?"

केवळरामनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम हातातला कागद वाचत होत्या.

"नाई साहेब. काई नाई."

"मग झालं तर. आणि आता नाही म्हणालात तर लोक विचारतील, केवळराम ऐनवेळी का पळाला."

मांडव फुल्ल होता. आजूबाजूच्या खेड्यांतून लोक ट्रॅक्टर भरून आले होते. आणि केवळरामनं, काय सांगू, जीव ओतून काम केलं. घाबरला होता, पण एकदा लाइट अंगावर पडला की नटाला भीती राहत नाही. दारू प्यालेल्या माणसाचा हात वॉल्वच्या चाकावर कसा घसरतो, अंगठा अडवून ते कसं फिरवावं लागतं, हे त्यानं असं दाखवलं की बायकांनी पदर तोंडाशी नेले. गावातली म्हातारी सुकरी उठली आणि चप्पल फेकून मारली. खलनायकाला चप्पल बसली म्हणजे काम सोनं झालं, असं झाडीपट्टीत मानतात. केवळरामनं ती उचलून कपाळाला लावली. त्या एका क्षणासाठी तो जगातला सगळ्यात सुखी माणूस होता.

घरी येताना बायको गोकुळा त्याच्या हातांकडे बघत चालत होती. मग म्हणाली, "तो चाक असाच फिरवा लागते का तिकडं?"

"असाच!" केवळराम छाती फुगवून म्हणाला. "मीच शिकवलो सगळ्यायले."



पंधरवड्यात गावाचं ठरून गेलं. कंपनी उगाच नाटक करते का? उगाच याच्याचकडून करवून घेते का? पंपावर हाच, वॉल्व फिरवायची कला यालाच. किराणा दुकानात तो शिरला की बोलणं थांबे. आधी मस्करीत, मग मस्करी सोडून लोक त्याला 'वैरी' म्हणू लागले. मासेमारी सोसायटीच्या बैठकीचा निरोप त्याच्याकडे येईना. कंपनीतले सोबती मात्र पाठ थोपटत, गुणवंतराव दिसले की हसून विचारत, "काय केवळराम, पुढच्या वर्षी परत ना?"

तो स्वाती मॅडमकडे गेला.

"मॅडम, मले आता सांगू द्या. गाव माह्यावर थुंकून राह्यलं."

"चौकशी अजून सुरू आहे, केवळरामजी."

"वॉल्वले तर कुलूप लागलं."

"ती तात्पुरती उपाययोजना. तुम्हाला कुणी त्रास दिला का? पगार, रजा, पाळी?"

"नाई."

"मग सूड कसा म्हणता येईल? कलाकार म्हणून तुमचा सन्मान झालाय. शाल तर मीच घातली." त्या खरोखरच आपुलकीनं बोलत होत्या, आणि म्हणूनच त्यांच्या थोबाडात मारावीशी वाटते. त्या वर्षीच्या अहवालात सुडाच्या तक्रारींच्या रकान्यात शून्य लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं.

वैशाख आला. मेलेल्या तलावातही चार-दोन मरळ, थोड्या चिंगळ्या निघाल्याच. पानांवर वाटे लागले, या वर्षी ओंजळीत मावतील एवढेसेच. केवळराम धुतलेलं धोतर नेसून आला आणि आपल्या जागेकडे निघाला. काठी वारलूच्या हातात होती. बापाच्या वेळेपासून काठी वारलूच्याच घरात.

"आज दुसरा कोनी बसल," वारलू म्हणाला.

केवळराम थांबला. नोकरी, सही, मॅडम, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असेल. त्यानं ते बाजूला सारलं. 

"ऐका बाप्पा हो. मी वॉल्व उघडलो नाई. मी बंद करत होतो. कंपनीत तक्रार मीच केलो. तलाव मीच..."

बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं. वाक्य तेच होतं. शब्दही जवळपास तेच होते.

म्हातारी सुकरी बोळक्या तोंडानं ओरडली, "चोराच्या उलट्या बोंबा!" आणि अख्खा बांध हसला. बायका हसल्या, पोरं टाळ्या पिटत नाचली. कुणी म्हणालं, वन्स मोअर. कुणी विचारलं, डिंपल कुठी हाये? संहितेचा भंग झाला म्हणावा, तर तोही झाला नाही. गुपित फुटायला ऐकणाऱ्यानं ते निदान खरं मानायला हवं.

वारलू हसून हसून दमला. डोळे पुसत म्हणाला, "बस बाप्पा, बस. जागा तुहीच हाये."

केवळराम बसला. वाट्यांकडे पाठ केली, तोंड बांधाकडे केलं. तो वाट पाहू लागला. काठी पानाला लागेल, वारलू विचारेल, आणि आपण पहिलं नाव सुकरीचं घ्यायचं, असं त्यानं ठरवलं. म्हातारी आहे, राग धरायचा नाही.

वारलूनं विचारलंच नाही.

मागं पानं वाजली. घमेली वाजली. कुणी कुणाला हळूच म्हणालं, ती मरळ माही. कुणीतरी भांडलं, कुणी दबक्या आवाजात शिवी दिली. त्या बांधावर वाट्यावरून भांडण पूर्वी कधी झालं नव्हतं. केवळराम वळला नाही. वळायचं नाही, हा नियम होता, आणि आता त्याच्याकडे उरलेला तेवढा एकच नियम होता. पावलं बांधावरून दूर गेली. ऊन पाठीवर आलं.

शेवटी तो वळला. पानं रिकामी होती, त्याच्यासाठी एकही वाटा उरला नव्हता. चिखलात खवले चमकत होते. गोकुळा रिकामी टोपली घेऊन उभी होती.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग टोपली खाली ठेवून जवळ आली, आणि आजूबाजूला कुणी नाही हे पाहून हळू आवाजात म्हणाली,

"आता मले तरी खरं सांगा. किती पैसे घेतले होते तुमी?"

केवळरामनं पुन्हा तोंड बांधाकडे केलं.