क्लारेट आणि सुंठवडा

कीर्तनाची गोडी एकदा लागली की माणसाला प्रपंचातही तीच घडण दिसू लागते. आधी नमन, मग पूर्वरंग, मध्ये हार-बुक्का, मग आख्यान आणि शेवटी आरती. कुशाबाला तर साहेबलोकांच्या नाताळच्या जेवणातसुद्धा ती दिसे. देव त्याला क्षमा करो, आणि मला वाटतं, केलीही असेल.

कुशाबा कोकणातला. परळच्या गिरणीत जमलं नाही म्हणून गिरगावात बेहरामजी शेटच्या विलायती दारूच्या दुकानात बाटल्या धुवायला लागला, त्याला आता तेरा वर्षं झाली होती. गळ्यात तुळशीची माळ. थेंबाला कधी ओठ लावला नाही. पण नाक असं की बूच निघालं की बाटलीची कुंडली सांगावी. त्याची बायको शेवंती म्हणायची, "भात करपायच्या आधीच तुम्हाला कळतं, मग उठून उतरवत का नाही?" शेवंती जाऊन चार वर्षं झाली होती. परळच्या खोलीत आता भात करपला तरी बोलणारं कोणी नव्हतं.

उरलं होतं ते दुकानामागच्या गल्लीतलं दत्ताचं देऊळ. तिथं धोंडूबुवांचं कीर्तन असे, आणि बुवांच्या मागं झांज घेऊन उभं राहायचा मान कुशाबाचा. त्या तासा-दोन तासांवर तो आठवडा काढी.

दुकानात मात्र एक गोष्ट होती, जी दोघांनाच ठाऊक होती, आणि ते दोघेही तिच्याबद्दल कधी बोलले नव्हते. दोन वर्षांमागच्या तापात बेहरामजी शेटचं नाक गेलं होतं. गुलाब आणि घासलेट त्यांना सारखंच. दारूच्या व्यापाऱ्याचं नाक गेलं हे बाजारात कळलं असतं तर दुकानाला कुलूप लागायला महिना लागला नसता. एक दिवस गिऱ्हाइकासमोर शेटनी बूच हुंगलं आणि भेदरलेल्या नजरेनं कुशाबाकडं पाहिलं. माल उत्तम होता. बुवांची एखादी जागा साधली की जसा हात आपसूक माळेकडं जातो, तसा कुशाबाचा गेला. शेट म्हणाले, "फस क्लास." तेव्हापासून खांबाजवळ उभ्या कुशाबाचा हात माळेवर आला की माल पास, हात पाठीमागं गेले की नापास.

शके अठराशे पंधराच्या मार्गशीर्षात दत्तजयंती आली आणि दोन दिवसांवर नाताळ. जयंतीच्या आदल्या दिवशी बुवांनी कुशाबाला देवळाच्या ओट्यावर बसवून घेतलं.

"तुझ्या कपड्यांना वास येतो म्हणून मंडळी जरा सरकून बसतात, ते मी मनावर घेत नाही," बुवा म्हणाले. "वास धुतला की जातो. पण तुमच्या दुकानात येणारा तो पेद्रू बटलर गल्लीभर हसत सांगत फिरतो की कुशाबा माळेवर हात ठेवून दारू विकतो, देवाची शपथ घालतो. खरं आहे का रे?"

 खरं सांगावं तर शेटचं नाक चव्हाट्यावर येणार.

"शपथ नाही घालत, बुवा."

"मग हात कशाला जातो?"

"जातो खरा."

बुवा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "उद्या दिवेलागणीला जन्म आहे. त्याआधी त्या दुकानाची पायरी उतरून ये, कायमचा. मागं उभा राहा, झांज तुझीच. नाही जमलं तर माळ उतरव. दोन्ही एका अंगावर नको, कुशाबा."

रात्रभर विचार करून त्यानं ठरवलं की पायरी उतरायची. हात शाबूत आहेत, कुठंही हमाली मिळेल. सकाळी तो शेटना म्हणाला, "शेट, आज चारला जाऊ का? देवळात जयंती आहे." कायमचं जातोय हे जिभेवर आलंच नाही. जाताना सांगू, असं मनाशी म्हणाला.

"जा नी बावा," शेट म्हणाले. "देवाचा काम पयला."

साडेतीन वाजता पेद्रू आला. मलबार हिलवरच्या साहेबाचा बटलर, डोक्यावर गोल टोपी, मिशीला मेण.

"काय भगत, अठरा माणसं जेवायला आहेत पंचवीस तारखेला. मडम म्हणते, गेल्या सालासारखं लाव."

कुशाबाला हे सांगताना नेहमी मजा वाटे. "सुपाबरोबर शेरी, थोडीशीच, ते नमन झालं. माशाला पांढरी हॉक, थंड करून. तो पूर्वरंग, फार लांबवू नको. टर्की आणि मांस आलं की तांबडी क्लारेट. तेच आख्यान, पेद्रू, तिथं घसरलास तर बाकीचं वाया. शांपेन मध्येच हारासारखी फिरव. पुडिंग-अक्रोडाला पोर्ट, ती आरती. पोर्टनंतर दुसरं काही देऊ नको. आरती झाल्यावर कोणी आख्यान लावतं का?"

"तू एक थेंब घेत नाहीस नी मला शिकवतोस," पेद्रू हसला.

"तू तरी कुठं कीर्तनाला बसतोस?"

चार वाजले. कुशाबानं फडक्यात बांधलेली झांज काखेत घेतली आणि पायरीपर्यंत गेला. आता वळून सांगायचं होतं. तेवढ्यात मागं बूच निघाल्याचा आवाज आला. नव्या आगबोटीतून आलेल्या क्लारेटची पहिली बाटली.

पायरीवर उभ्या कुशाबाला वास आला. आंबलेला. पेट्या गोदीत उन्हात पडून राहिल्या असाव्यात.

शेटनी बूच नाकाशी धरलं आणि सवयीनं खांबाकडं पाहिलं. खांबाजवळ कोणी नव्हतं. म्हाताऱ्याची नजर तिथल्या तिथं फिरत राहिली, अंधारात खुंटी चाचपडावी तशी. मग ते ओढूनताणून हसले आणि म्हणाले, "फस..."

कुशाबा पायरी चढून खांबाजवळ येऊन उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागं, झांजेसकट.

"नाय," शेट म्हणाले.  "हा नाय चालेल, पेद्रू. दुसरी पेटी उघडू."

दुसरी पेटीही तशीच. तिसरीत माल बरा निघाला, चौथी पुन्हा आंबलेली. एकूण अकरा पेट्या होत्या, आणि उद्या अर्ध्या मुंबईचे बटलर दारात येणार होते. एकेक बूच निघत गेलं. सहाव्या पेटीला मागच्या गल्लीत मृदंग लागला. नवव्या पेटीला दुकानात दिवा लावावा लागला. दहाव्या पेटीचं बूच शेट हुंगत असताना पलीकडं पाळणा सुरू झाला. बायकांचे गळे ऐकू आले, मृदंग आला, पण झांज नव्हती. जिथं ती पडायला हवी तिथं कुशाबाची झांजेवरची बोटं नुसती आवळली जात होती.

पाच पेट्या चांगल्या निघाल्या.

तो देवळात पोचला तेव्हा मंडळी पांगली होती. बुवा एकटेच उपरणं घडी घालत होते. त्यांनी सुंठवड्याची पुडी त्याच्या हातावर ठेवली.

"पाळण्याला वाट पाहिली तुझी," ते म्हणाले.

"ऐकत होतो, बुवा. पलीकडनं."

एवढं बोलून त्यानं गळ्यातली माळ काढली, कपाळाला लावली आणि बुवांच्या हाती दिली. अठराव्या वर्षी घातलेली माळ. शेवंतीनं दोनदा ओवून दिली होती. "तुमच्याकडं असू द्या."

बुवांचे डोळे भरून आले होते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांना कोणी कठोर म्हणू नये. "न्यायला कधी येशील?"

 कुशाबानं झांजही तिथंच ठेवली आणि परळची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेटनी पहिल्या गिऱ्हाइकासमोर पोर्टचं बूच काढलं, हुंगलं आणि खांबाकडं पाहिलं. पोर्ट सुरेख होती. कुशाबाचा हात गळ्याशी गेला आणि बोटं नुसत्या कातडीवर टेकली.

शेट त्या उघड्या गळ्याकडं पाहतच राहिले. गिऱ्हाईक खोकलं तेव्हा हळूच म्हणाले, "घेवून जा. चांगला माल हाय."

संध्याकाळी फळ्या लावून झाल्यावर शेट स्टुलावर बसले. त्यांनाही घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. मुलगी सुरतेला, बायको कधीच गेलेली.

"माळ कुठे, कुशाबा?"

"ठेवलीय, शेट."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कशाला? क्लारेटसाठी."

शेट हसले नाहीत. दोन वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले. "मला वास नाय येत रे. काहीच नाय येत."

"ठाऊक आहे."

"हां. ठाऊक तर असेलच."

कुशाबानं खिशातून पुडी काढली. कालपासून उघडलीच नव्हती. निम्मा सुंठवडा शेटच्या हातावर ठेवला. शेटनी डोईला हात लावून तोंडात टाकला, चघळला.

"तिखट लागते जिभेला. याचा वास कसा असतो?"

"सुंठेचा," कुशाबा म्हणाला.

"अजून?"

"खोबरं किसलेलं. थोडं भाजलंय त्यांनी. खसखस. पुडीच्या कागदाला कापूर लागलाय, आरतीच्या वेळचा. आणि बुक्का, बुवांच्या बोटांचा." त्यानं पुडी पुन्हा नाकाशी नेली. "पाळण्यावर झेंडूच्या माळा सोडलेल्या असतात, शेट, त्यांचा ओला वास. बायका ओळीनं पुढं येतात..."

शेटनी डोळे मिटले. कुशाबा बसला होता तो उभा राहिला, आणि काल न पाहिलेला जन्म पहिल्यापासून सांगू लागला. जिथं झांज पडायची तिथं तो क्षणभर थांबे, आणि त्याचा हात गळ्याशी जाऊन परत येई.