सरूबाईला उतरवणारी लॉरी

गंगापूरहून औरंगाबादला निघालेली गयासची लॉरी वाळूजच्या अलीकडं ओढ्याच्या फरशीवर आली, जोरात गचका बसला आणि इंजिन बंद पडलं. लगेच मागच्या उघड्या हौद्यातून ‘म्हसोबाच्या नावानं चांगभलं’ असा गजर उठला. आता बघा, भर उन्हात गाडी ओढ्यात अडकली याचं एकालाही वाईट वाटलं नाही. उलट नवी माणसं विचारू लागली, “हेच का ते ठिकाण?” आणि जुनी माणसं म्हसोबा आपल्याच घरचा असल्यागत मान डोलवून म्हणू लागली, “थांबा, आता बघा गंमत.”

ओढ्याच्या काठावर शेंदूर फासलेला एक दगड होता. दगड जुनाच, पण त्याला भाव आला तो बन्सीबुवा शेजारी येऊन बसला तेव्हापासून. हा बुवा पूर्वी कुठल्याशा कचेरीत चपराशी होता म्हणे. नोकरी गेली, पण भाषा तेवढी राहिली. त्यामुळं त्याच्या अंगात येणारा देवसुद्धा निजामाच्या कचेरीतलंच बोलायचा.

“उतरा, समदे उतरा. वहाणा काढा,” बुवा घुमायला लागला. “अदालत भरली हाय. बिगर परवानगी म्हसोबाच्या हद्दीतून कोण चाललंय?”

झाडून सगळी माणसं उतरली. गयासनं बॉनेट उघडलं. बुवानं नारळ फोडून त्याचं पाणी इंजिनावर ओतलं, वर हळदकुंकू टाकलं, मूठभर अंगारा उधळला आणि खोबरं आपल्या झोळीत सोडलं. पाणी देवाच्या नावानं आणि खोबरं बुवाच्या, असा तिथला कायदा. मग गयास पुढं होऊन हँडल मारायचा आणि लॉरी चालू व्हायची. रिकामी लॉरी चढ चढून जायची, माणसं अनवाणी मागून चालत जायची आणि वर गेल्यावर बसायची. कित्येक शुक्रवार हे असंच चाललं होतं.

त्या दिवशी मात्र हँडल मारायच्या आधीच बुवानं हात वर केला. “फर्मान आलंय. नारळानं भागायचं न्हाई. मुजरीम लॉरीत हाय.”

माणसं जवळ सरकली, तसा बुवा पुढं बोलू लागला.

“मंगळवारी लॉरी थांबती का? न्हाई. रविवारी थांबती का? न्हाई. मग शुक्रवारीच का थांबती? शुक्रवारी लॉरीत कोण असतंय, ज्याचं त्यानं बघावं.”

सगळ्यांच्या नजरा सरूबाईवर गेल्या. सरूबाई विधवा. तिची एकुलती एक लेक आशाबाई बाळंतपणानंतर ताप हटेना म्हणून औरंगाबादच्या दवाखान्यात पडून होती, आणि तिथं भेटायला फक्त शुक्रवारी सोडत. म्हणून ही दर शुक्रवारी बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी डब्यात बांधून लॉरीत बसायची. तिचा गुन्हा काय तो एवढाच.

“खाली राहू द्या तिला,” कुणीतरी म्हणालं. मग दुसरं म्हणालं, मग सगळेच म्हणाले.

या सगळ्यात काकासाहेब मास्तर उभे होते. गंगापूरच्या सरकारी शाळेत ते हिशेब आणि सायन्स शिकवायचे. निजामाच्या राज्यात शाळेला शुक्रवारची सुट्टी, त्यामुळं तेही दर शुक्रवारी लॉरीत असायचे. म्हणजे बुवाच्या न्यायानं मुजरीम तेही ठरत होते. हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. दोन गोष्टी एका दिवशी घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडत नाही, हे ते पोरांना छडी घेऊन शिकवत. पण औरंगाबादला मेव्हण्याकडं जेवण होतं, उशीर होत होता, आणि एवढ्या माणसांशी वाद कोण घालणार? मास्तरांनी मान फिरवली.

लॉरी चालू झाली. सरूबाईनं डबा त्यांच्या हाती दिला. “मास्तर, एवढा आशाला पोचवा.” मग ती उलट पावली गंगापूरच्या वाटेला लागली.

दवाखान्यात आशाबाईनं विचारलं, “आई कुठंय?”

“तिला जरा कणकण आहे,” मास्तर म्हणाले. खोटं बोलताना त्यांची जीभ अडखळलीसुद्धा नाही. मेव्हण्याच्या घरी मात्र पुरणपोळीचा घास काही केल्या उतरेना. पोट बरं नाही असं सांगून ते पानावरून उठले. एका दिवसातलं हे दुसरं खोटं.

पुढच्या शुक्रवारी सरूबाई लॉरीच्या थांब्यावर आली ती लांबच उभी राहिली. डबा तिनं जमिनीवर ठेवला.

“हातात द्या की,” मास्तर म्हणाले. “अन् लॉरीत नको तर बैलगाडीनं चला, मी सोबत येतो.”

“नगं मास्तर. माझी सावली पोरीवर नगं. आधी तिचा बाप गेला, आता तिचं असं. देवानं सांगितलं ते बरं झालं.” ती हे इतक्या शांतपणे बोलली की मास्तरांना तिथं उभं राहवेना.

आणि त्या दिवशी, सरूबाई लॉरीत नसताना, लॉरी फरशीवर गचकली आणि बंद पडली. आता बुवाची फजिती होणार असं तुम्हाला वाटलं असेल. छे. असल्या माणसांची फजिती इतक्या सहज होत नसते.

“ती न्हाई, पर तिच्या हातचा डबा हाय,” बुवा मास्तरांकडं बोट करून म्हणाला. “ओढ्यात टाका त्यो.”

“डबा मी टाकणार नाही,” मास्तर म्हणाले. आवाज बारीकच निघाला, पण निघाला. ते डबा पोटाशी धरून बॉनेटजवळ गेले आणि नारळाचं पाणी कुठं पडतं ते बघू लागले. बॅटरीकडून येणारी तार आणि इंजिनाची तार जिथं जोडली होती, नेमकं तिथं. पितळी जोड पार कळकून हिरवा पडला होता, एका अंगानं चिरला होता. माणसं उतरलेली होतीच; गयासनं हँडल मारलं आणि डबा ओढ्यात न टाकताच लॉरी चालू झाली, पण मास्तरांचं लक्ष त्या हिरव्या जोडावरच राहिलं.

त्या शुक्रवारी आशाबाईनं काही विचारलंच नाही. डबा बघितला आणि भिंतीकडं तोंड केलं. नर्स म्हणाली, ही काही खात नाही.

मास्तर तडक गयासकडं गेले. नमाज आटपून तो लॉरीच्या सावलीत बसला होता.

“गयासभाई, बॅटरी कुठं बसवलीय तुम्ही?”

“जुनी पेटी सड गई, मास्टर साब. हौदे के फळी को बांध दिया. लढाई चालू है, सामान किधर मिलता?”

झालं, उलगडा झाला. ओझं भरलं की हौद्याची फळी दबून मागं सरकायची, तिच्याबरोबर बॅटरी सरकायची आणि तार ताणली जायची. फरशीचा गचका बसला की चिरलेला जोड सुटलाच. आणि लॉरी खच्चून भरायची ती फक्त शुक्रवारी, सुट्टीमुळं आणि नमाजामुळं. माणसं उतरली की फळी वर यायची, तार सैल पडून जोड पुन्हा टेकायचा. मास्तरांनी गयासकडून हौद्यात ज्वारीची पोती भरवली, लॉरी एका खड्ड्यातून नेली. बंद. पोती उतरवली, हँडल मारलं. चालू. तिथं ना बुवा, ना नारळ.

गयासनं कपाळाला हात लावला. “मैं भी उतना ही बेवकूफ. नारियल का पानी मैंच डलवाता था.”

भंगारवाल्याकडून एक धड पितळी जोड मिळाला. गयास तो लगेच बसवणार होता, पण मास्तर म्हणाले, “आज नाही. ओढ्यात बसवू. सगळ्यांसमोर.”

तिसऱ्या शुक्रवारी लॉरी खच्चून भरली होती. नमाजाला जाणारी माणसं, पाहुणे, लेकुरवाळ्या बाया. फरशीवर गचका बसला, लॉरी थांबली, चांगभलं झालं. बुवा घुमत आला.

“कुणी उतरू नका,” मास्तर हौद्यात उभे राहून म्हणाले. “बुवा, चालवा तुमची अदालत. नारळ फोडा. माणसं मात्र वरच बसतील.”

बुवा गडबडला. “देवाच्या दारात बसून राहत्यात व्हय?”

“देवाला लॉरी चालवायचीय का माणसं उतरवायचीत?”

दोन-चार जण हसले. बुवानं चिडून नारळ फोडला, अंगारा उधळला, डोळे फिरवले. गयासनं हँडल मारमार मारलं, घामाघूम झाला. लॉरी ढिम्म. बुवानं दुसरा नारळ फोडला. लॉरी ढिम्मच.

“आता उतरा सगळे,” मास्तर म्हणाले. “पायात वहाणा राहू द्या. नारळ नको, काही नको.”

माणसं उतरली. गयासनं एकदाच हँडल मारलं आणि लॉरी चालू झाली.

मग मास्तरांनी इंजिन बंद करवून सगळ्यांना बॉनेटभोवती बोलावलं. गयासनं आधी बॅटरीवरची तार सोडवली, कळकलेला जोड कापून काढला आणि तो हातोहात फिरवला. “हे घ्या, हा तुमचा म्हसोबाचा कोप,” मास्तर म्हणाले. “नारळाच्या पाण्यानं कळकला. तुम्ही पूजा करत गेलात, अन् पूजेनंच गाडी बिघडत गेली.” गयासनं तारेची टोकं तांबं चकाकेपर्यंत खरवडली, ताण बसू नये म्हणून वीतभर जादा तार घातली, नवा जोड पकडीनं आवळला आणि वर फीत गुंडाळली. सगळी माणसं पुन्हा चढली. लॉरी मागं घेऊन फरशीवरून आणली. गचका बसला, पण इंजिन चालूच राहिलं आणि लॉरी भरल्या अंगानं चढ चढून गेली. मागं वळून बघितलं तर बुवा झोळी आवरत होता. पोरं हसली, बायका हसल्या, मास्तरसुद्धा थोडे हसले.

संध्याकाळी ते सरूबाईच्या दारात गेले. तिला सगळं सांगितलं, कापलेला जोड दाखवला. तिनं तो हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

“म्हंजी माझ्यामुळं नव्हतं?”

“नाही, आई. कधीच नव्हतं.”

“अन् हे तुम्हाला कवा कळलं?”

मास्तरांना इथंही खोटं बोलता आलं असतं. “तारेचं गेल्या शुक्रवारी कळलं,” ते म्हणाले. “पण तुमच्यामुळं लॉरी बंद पडत नाही, हे पहिल्याच दिवशी ठाऊक होतं.”

सरूबाई रागावली नाही. रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “मी तुमच्याकडंच बघत व्हते, मास्तर. म्हणलं, बुवा खोटं बोलत असंल तर मास्तर बोलतील. शिकलेलं माणूस हाय. तुम्ही मान फिरवली. तवाच मला बुवाचं खरं वाटलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गयासनं तिला औरंगाबादला नेलं, दवाखान्याच्या फाटकावर भांडून आत सोडवलं. आशाबाई त्या दिवशी आईच्या हातनं जेवली आणि यथावकाश बरी होऊन घरी आली.

तर मंडळी, बुवाला काय हसायचंय तेवढं हसा. पण गाडी बंद पडली तर बॉनेट उघडून तारा बघा, शेजारच्या बाईकडं बघू नका. नारळ खा, इंजिनावर ओतू नका. आणि एखाद्या गरिबाकडं चार माणसं बोट दाखवत असतील, अन् ते खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तिथंच, त्याच वेळी, त्याच्या देखत बोला. काकासाहेब मास्तर पुढं गावोगाव बोलत हिंडले, कळकलेला जोड शेकडो माणसांना दाखवला, माणसांनी त्यांना हारही घातले. पण लॉरीत सरूबाई येऊन बसली की ते तिच्याकडं बघू शकत नसत.