प्रायमरीचा जाणकार

धुळाजीचा अंगद रोज सकाळी बाजेवर बसून अमेरिका चालवायचा. मेंढरं सोडायला बाप, शेण काढायला आई दगडाबाई, आणि हा बी.ए. झालेला गडी कानात इअरफोनची बोंडं घालून. तिकडं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक लागलेली. एकाच पक्षाचे इच्छुक आधी आपसांत लढतात, त्याला प्रायमरी म्हणतात. त्यांच्या वादात कोण कुणाला काय म्हणाला, ते अंगदला पाठ. कुठल्या गायिकेनं कुणाला पाठिंबा दिला, कुठली नटी कुणावर घसरली, तेही पाठ. फेसबुकवर अनोळखी माणसांशी तो त्यावरून हमरीतुमरीवर यायचा, जिंकायचाही.

एकदा बापानं विचारलं, एवढं काय बघतोस. अंगद मान वर न करता म्हणाला, "प्रायमरीचा वाद."

धुळाजीच्या लेखी प्रायमरी एकच. वस्तीवरची, दोन खोल्यांची, पत्र्याची. त्याची नात रोहिणी तिथं तिसरीत. पोरं कमी म्हणून ती शाळा बंद करून सगळ्यांना ओढ्यापलीकडं गावच्या शाळेत घालायचं घाटत होतं. रोहिणीचा बाप जीवन, म्हणजे अंगदचा थोरला भाऊ, दसरा झाला की बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. शाळा राहिली तर पोरगी म्हाताऱ्याजवळ, नाहीतर रोज ओढा ओलांडून तिला कोण नेणार, आमच्यासंगं फडावर, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. घरात रोज हेच बोलणं. अंगदच्या कानात बोंडं.

म्हाताऱ्यानं वस्तीभर सांगून टाकलं, काळजी सोडा, आमचा अंगद प्रायमरीचं सगळं मोबाईलवर बघायलाय. शिकलेला माणूस बोलणार म्हटल्यावर लोकांनी शाळेसाठी अर्ज घेऊन तालुक्याला जायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं.

दोन ऑक्टोबरला मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली. सरपंच केसरबाई खुर्चीत, आणि कारभार त्यांचा मुलगा अमरसिंह याच्या हाती. ह्याची लेकरं बीडला इंग्रजी शाळेत. शाळेचा विषय निघाला तसा धुळाजी उठला. "आमच्या वस्तीकून अंगद बोलंल. त्यो रोज बघतो."

अमरसिंह गोड हसला. "बोला अंगदराव. पट किती हाय आपल्या शाळेचा?"

अंगद मोबाईल खिशात घालू लागला.

"बरं, गुरुजी कोन हायत सध्या?"

मागून एक बाई म्हणाली, "आरं सांग की, लाजतूस कावून?"

कुठली प्रायमरी, ते त्याला तेव्हा कळलं. तिथंच म्हणायला पाहिजे होतं, मला काही माहीत नाही, वस्तीवरच्या बायांना बोलू द्या. पण गावासमोर अडाणी ठरायचं कसं? त्यानं शहाण्यासारखी मान हलवली, "दोन्ही बाजूंचा विचार व्हायला पाहिजे" म्हणाला आणि खाली बसला. लाज लपवायला माणूस किती खालच्या थराला जातो, ते पुढं दिसलं.

ग्रामसेवकानं ठराव वाचला. सदर शाळेतील विद्यार्थ्यांचे समायोजन करण्यास ही सभा मान्यता देत आहे. समायोजन म्हणजे काय ते अर्ध्या सभेला कळलं नाही. अंगदला कळलं. बी.ए. फुकटचं नव्हतं. मंजूर असेल त्यांनी हात वर करा, असं अमरसिंह म्हणाला आणि अंगदकडंच बघत राहिला. ती नजर एकदाची हटावी म्हणून अंगदनं हात वर केला. शिकलेल्या पोराचा हात बघून धुळाजीनं केला. मग दगडाबाईनं. मग सगळ्या वस्तीनं. ठराव एकमतानं पास.

परतताना म्हातारा खुशीत होता. "समायोजन म्हंजी दुरुस्तीच न्हवं? पत्रे बदलतील आता."

"न्हाई अण्णा. शाळा बंद केली. मला ठावं होतं, तरी हात वर केला. आन् मी बघतो ती प्रायमरी अमेरिकेतली हाय."

धुळाजी ओढ्याच्या काठावर थांबला. त्यानं शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. त्यानं खरंच कळावं म्हणून विचारलं, "तिथं आपलं कोन शिकतंय?"

अंगद चपला काढून ओढ्यात उतरला.

"पोरीला तूच सांग," म्हातारा म्हणाला. "मला जमायचं न्हाई."

रोहिणी दारातच उभी होती. काका, बोललास का, म्हणाली. अंगदनं सांगितलं, बोललो नाही. दसऱ्यानंतर तुला आई-बापासंगं जावं लागेल.

पोरगी रडली नाही. आत गेली आणि आईला विचारू लागली, फडावर दप्तर न्यायचं का. आई कोयते फडक्यात गुंडाळत राहिली. पोरीनं परत विचारलं.